मदत हवी आहे – पेनसिल्व्हेनिया ते न्यू हॅम्पशायर, गाडीत पिस्तूल

मंडळी, पुढच्या महिन्यात पेनसिल्व्हेनियाहून न्यू हॅम्पशायरला मित्राकडे ड्राइव्ह करत चाललोय, तिथे शूटिंग रेंजवर जायचा प्लॅन आहे म्हणून पिस्तूल सोबत न्यायचंय. दोन्हीकडे काही प्रॉब्लेम नाही, पण मधे न्यू जर्सी, न्यू यॉर्क लागतात आणि माझं पेनसिल्व्हेनियाचं कॅरी लायसन्स तिथे चालत नाही.

१९८६ च्या फेडरल कायद्यात म्हणे निघतो तिथे आणि पोचतो तिथे बाळगणं लीगल असेल तर मधून नेता येतं, फक्त अनलोडेड पाहिजे, हाताशी नको. माझी एसयूव्ही, वेगळी ट्रंकच नाही, म्हणजे कुलपाचा डबा लागणार, ग्लोव्ह बॉक्स आणि कन्सोल चालत नाही. इथपर्यंत कळलं.

अडलंय ते मुक्कामाचं. मुलं लहान आहेत, एका दमात होणार नाही. २००५ मधे न्यू जर्सीतल्या नेवार्क एअरपोर्टवर एकाची फ्लाइट चुकली, रात्री पिस्तूल असलेली बॅग घेऊन हॉटेलात राहिला नि सकाळी अटक, कोर्टानेही त्याचं ऐकलं नाही! मग रात्र कुठे काढता? आणि १५ राउंडचं (गोळ्यांचं) मॅगझिन घरीच ठेवू ना, न्यू यॉर्कात १० ची लिमिट आहे? बायको म्हणते पिस्तूलच घरी ठेव, पण कोणी खरंच असं गेलं असेल तर सांगा.