न्यू ऑर्लीन्सला जाताय तर ओक अ‍ॅली कॅन्सल करा

ह्यूस्टनचा_भाऊ:
थँक्सगिव्हिंगला ग्रुपचा लुइझियानाचा प्लॅन ठरतोय आणि नेहमीसारखं लिस्टमध्ये पहिलं जुनं प्लँटेशन (गुलामांकडून ऊस पिकवून घ्यायचे तो मळा) ओक अ‍ॅली, कारण काय तर २८ ओकची ती कमान आणि तिच्याखाली फोटो. असं एकच प्लँटेशन बघायला वेळ असेल तर जवळचं व्हिटनी बघा. २०१४ ला एका वकिलाने स्वतःचे पैसे घालून म्युझियम म्हणून उघडलं आणि तिथे मालकाचा वाडा हा मुख्य विषयच नाही. दगडांवर गुलामांची नावं, एका जागी तर नुसती लहान पोरांची सुमारे २२००. १८११ च्या गुलामांच्या उठावानंतर बंडवाल्यांची मुंडकी कापून खांबांवर लावली होती, त्याचंही स्मारक केलंय. ते बघून या आणि मग द्या झाडाखाली पोज.

पुणेरी_टोमणा:
भाऊ, ओक अ‍ॅलीत शेवटचं कधी गेला होतात? तिथे आता गुलामांच्या खोल्या परत उभ्या केल्यात. आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने १८४६ च्या सुमारास तिथेच पिकॅनची (अक्रोडासारखा सुकामेवा) यशस्वी कलमं बांधली, १८७६ ला फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या जातीला बक्षीस मिळालं, आणि ह्या माणसाचं आडनाव कुठे नोंदलेलंच नाही. हे मी व्हिटनीत नाही, फोटोवाल्या जागीच ऐकलं. आणि आठ वर्षांच्या लेकीला ती मुंडकी कशी दाखवू?

ह्यूस्टनचा_भाऊ:
आठ वर्षांची पोरं तिथे कामाला जुंपलेली असायची ताई. कोपऱ्यात चार खोल्या उभारल्या म्हणून जागेचा सूर बदलत नाही, लोक जातात वाड्यासाठी आणि मिंट ज्युलेपसाठी (पुदिन्याचं ते व्हिस्कीचं ड्रिंक).

खोचक_काका:
तुम्ही दोघं एकच करताय. तिकीट काढायचं, तासभर हळहळायचं, संध्याकाळी गंबो, म्हणजे तिथला तो मसालेदार रस्सा, चापायचा. मे २०२५ ला नॉटोवे ह्या अशाच प्लँटेशनचा वाडा जळाला तेव्हा अर्धे लोक लग्नाचे फोटो टाकून रडत होते आणि अर्धे टाळ्या वाजवत होते. मी टाळ्यांवाल्यांत. तिथे गुलामांबद्दल जेमतेम बोलायचे, लग्नाचे हॉल मात्र जोरात.

पुणेरी_टोमणा:
जळाल्याने कोणाला काय कळलं काका? तो वाडा बांधायला राबलेल्यांच्या हातची कारागिरीपण गेलीच की.

अटलांटाची_माई:
तुम्ही सगळे लॉरा प्लँटेशन विसरलात! १८०५ चं घर आहे, पांढरे खांब नाहीत, भडक रंग, कारण ते फ्रेंच बोलणारं क्रिओल, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंच वसाहतीतलं, कुटुंब. बायकांनी कारभार चालवलेला. त्याच परिसरातल्या गुलामांच्या वंशजांकडून आल्से फोर्तिए ह्या प्रोफेसराने १८७० च्या दशकात ससोबाच्या गोष्टी उतरवून घेतल्या, त्यांचं मूळ पश्चिम आफ्रिकेत जातं. आमच्या मुलांना तेच सगळ्यात आवडलं.

ह्यूस्टनचा_भाऊ:
माई, 'बायकांचा कारभार' म्हणून किती कौतुक करायचं, त्या बायका माणसंच विकत घ्यायच्या ना? क्रिओल म्हटलं की जेवण, गाणी, रंगीत घरं एवढंच पुढे येतं.

निवृत्त_केमिस्ट:
कारखान्यात आयुष्य गेलं म्हणून मध्ये बोलतो. तिथला ऊस म्हणजे गुऱ्हाळासारखाच प्रकार, काहिलींची रांग, उकळता रस एका काहिलीतून दुसरीत हाताने काढायचा, हंगामात रात्रंदिवस, भाजणं रोजचंच. नॉर्बर्ट रिलिए हा न्यू ऑर्लीन्सचा क्रिओल, बाप गोरा, आई मिश्र वंशाची, तो स्वतः गुलाम नव्हता, पॅरिसला शिकला आणि १८४३ ला त्याने बंद भांड्यांचा इव्हॅपोरेटर पेटंट केला, पहिल्या भांड्याच्या वाफेवर पुढचं तापतं. कोल्हापूर काय नि नगर काय, आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात आजही हेच तत्त्व चालतं. म्हणून क्रिओल वारसा नुसता गंबो नाही.

खोचक_काका:
आणि त्याची गिऱ्हाइकं कोण होती? मळेवालेच. साखर स्वस्तात निघाली, त्यांचा नफा वाढला. गुलाम कुठे सुटला?

निवृत्त_केमिस्ट:
खरंय, सुटला नाही. पण उघड्या काहिलीवरून भट्टीतला माणूस बाजूला झाला, हेही मोजा. शेवटी रिलिएला स्वतःला तिथे राहवेना, रंगावरून निर्बंध वाढत गेले आणि तो फ्रान्सला परत गेला.

पुणेरी_टोमणा:
मग आता ठरवा. व्हिटनी आणि लॉरा दोन्ही मिसिसिपी नदीच्या एकाच काठावर आहेत, एका दिवसात होतात. मी ओक अ‍ॅलीपण करणार, आंत्वानसाठी.

ह्यूस्टनचा_भाऊ:
करा. फोटो ग्रुपवर टाकू नका एवढंच.