मदत हवी आहे: सगळं काम एकाच माणसापाशी अडतंय

नमस्कार मंडळी,

माझ्या टीममधले एक सहकारी कामात फार तरबेज आहेत. कुठलीही अडचण आली की सगळे त्यांच्याकडेच धावतात आणि ते कुणालाच नाही म्हणत नाहीत. त्यामुळे त्यांच्यापाशी कायम अर्धवट कामांचा ढीग आणि बाकीचे त्यांच्या उत्तराची वाट बघत बसलेले. वरिष्ठांना वाटतं टीम सुस्त आहे. तसं मुळीच नाही, सगळे मनापासून राबतात.

अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांविषयीचा नियम इथे लागू पडतो: हातातली कामं भागिले कामं पूर्ण होण्याचा वेग म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. हातात २० कामं असतील आणि आठवड्याला ५ पूर्ण होत असतील, तर एका कामाला सरासरी ४ आठवडे लागणार. तोच वेग ठेवून हातातली कामं १० वर आणली, तर २ आठवडे. म्हणून एका वेळी घ्यायच्या कामांवर मर्यादा घालायची, हे मी ठरवलंय. वरिष्ठांना टीम सुस्त वाटते म्हणून स्क्रीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर मात्र अजिबात नको. त्याने माणसं फक्त कामात असल्याचं दाखवायला शिकतात.

खरा पेच पुढे आहे. त्यांच्याकडचं ज्ञान इतरांपर्यंत पोहोचावं म्हणून जोडीने काम करायला लावलं, तर सुरुवातीला वेग आणखी मंदावणार. शिवाय आपलं महत्त्व कमी केलं जातंय असं त्यांना वाटलं तर? एवढ्या जीव तोडून काम करणाऱ्या माणसाला दुखवायचं नाहीये.

कुणी अशी विभागणी केली आहे का? त्या व्यक्तीपाशी विषय कसा काढलात? आणि मधल्या काळातला मंद वेग वरिष्ठांना कसा पटवून दिलात?