मदत हवी आहे: जीआरईच्या गणितात नेमकं काय विचारतात?

नमस्कार मंडळी,

भाषाशास्त्रात मास्टर्स करायचंय आणि माझ्या यादीतली काही विद्यापीठं जीआरईचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, स्कोअर मागतात. भाषेच्या भागाची धास्ती नाही. गणिताची आहे, कारण शाळा सुटली तेव्हाच गणितही सुटलं.

परीक्षेचा आराखडा वाचून झालाय. सप्टेंबर २०२३ पासून ती छोटी झाली. गणिताचे दोन भाग आहेत: एकात १२ प्रश्न आणि २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २६ मिनिटं. स्कोअर १३० ते १७० मध्ये, निगेटिव्ह मार्किंग नाही. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारी येते. त्रिकोणमिती, कॅल्क्युलस नाही. म्हणजे सगळं शाळेतलंच. तरीही सरावाला बसले की तुलनेच्या प्रश्नांवर गाडी अडते. अ आणि ब असे दोन रकाने असतात आणि मोठं कोण, दोन्ही सारखे की ठरवता येत नाही, ते सांगायचं. हे प्रश्न सोडवण्याची काही पद्धत आहे का? की सूत्रं पाठ करण्यावरच जोर देऊ? शिवाय स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो म्हणतात, मग आकडेमोडीचा सराव कितपत करायचा? हल्लीच परीक्षा दिलेल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

उत्तर १

सूत्रं थोडीच लागतात, ती आठवड्याभरात होतील. खरा वेळ तुलनेच्या प्रश्नांना द्या, कारण तिथे उत्तर काढण्यापेक्षा अट नीट वाचणं महत्त्वाचं. एक उदाहरण घ्या. अट: क्ष शून्यापेक्षा मोठा. रकाना अ मध्ये क्ष चा वर्ग, रकाना ब मध्ये नुसता क्ष. मनात लगेच २ किंवा ३ येतो आणि 'अ मोठा' वाटतं. आता क्ष ला १ ठेवा, दोन्ही सारखे. ०.५ ठेवा, वर्ग ०.२५, म्हणजे ब मोठा. उत्तर: 'ठरवता येत नाही'. क्ष पूर्णांक आहे असं अटीत कुठेही म्हटलेलं नाही, सगळी मेख तिथेच आहे. म्हणून चल दिसला की १, अपूर्णांक, आणि अट परवानगी देत असेल तर शून्य व ऋण संख्या घालून बघायचीच. उलट दोन्ही रकान्यांत फक्त ठरलेल्या संख्या असतील तर 'ठरवता येत नाही' हा पर्याय आपोआप बाद.

भूमितीच्या आकृतीवर डोळ्यांनी विश्वास ठेवू नका, ती प्रमाणात असेलच असं नाही. आलेख आणि संख्यारेषा मात्र प्रमाणात काढलेल्या असतात.

उत्तर २

वरच्या उत्तराशी सहमत. कॅल्क्युलेटर अगदी साधा असतो: चार क्रिया, वर्गमूळ, कंस. माझ्या मते तो जितका कमी वापराल तितकं बरं, एका प्रश्नाला जेमतेम पावणेदोन मिनिटं मिळतात. तोंडी टक्केवारी पक्की करा. किंमत २० टक्के वाढून मग २० टक्के उतरली तर १०० चे ९६ होतात, हे कागदाशिवाय सुचायला हवं. आलेखांवरच्या प्रश्नांत हेच सारखं लागतं.

आणखी एक. पर्यायांपुढे चौकोन असतील तर एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकतात आणि सगळी निवडली तरच गुण, अर्धे गुण नाहीत. गोल असेल तर एकच उत्तर. पहिला भाग कसा जातो त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, पण त्याच भागात मागे जाऊन उत्तर बदलता येतं. अडलं की खूण करून पुढे जा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! क्ष ला अपूर्णांक ठेवून बघायचं मला खरंच सुचलं नसतं. आता ईटीएसच्या (जीआरई घेणारी संस्था) मोफत पॉवरप्रेप सराव चाचण्या देणार आहे. एकच विचारते: प्रमाण विचलनाची (संख्या सरासरीपासून किती विखुरल्यात त्याचं माप) गणितं पूर्ण सोडवावी लागतात का?

उत्तर २

क्वचितच. १, ५, ९ आणि ४, ५, ६ या दोन्हींची सरासरी ५ आहे, पण पहिल्यात विखुरणं जास्त म्हणून विचलनही जास्त. बहुतेक वेळा एवढं ओळखता आलं की पुरतं. सगळ्या संख्यांत ७ मिळवले तर विचलन तेच राहतं, हेही लक्षात असू द्या. पहिली चाचणी झाली की चुकलेले प्रश्न इथेच टाका, एकेक करून बघू.