भर समुद्रातल्या फेसाळ लाटा

लाट फुटायला उथळ तळ लागतो, त्यामुळे भर समुद्रात दिसणारा पांढरा फेस म्हणजे वाऱ्याने उडवलेले तुषारच असणार, असे अनेकदा म्हटले जाते; ते तितकेसे पटत नाही. लाट खोल पाण्यातही फुटते. वारा तिला सतत ऊर्जा पुरवत राहतो, तिचा चढ वाढत जातो आणि उंची तरंगलांबीच्या, म्हणजे लागोपाठच्या दोन माथ्यांमधल्या अंतराच्या, एक सप्तमांशापर्यंत पोचण्याआधीच (ती तात्त्विक कमाल मर्यादा झाली) माथ्यावरचे पाणी खुद्द लाटेपेक्षा वेगाने धावू लागते, पुढच्या उतारावर कोसळते आणि कोसळताना हवा कोंडून घेते. निरखून पाहिल्यास पुढे दाट, शुभ्र पट्टा दिसतो आणि लाट सरकून गेल्यावर मागे जाळीसारखा विरत जाणारा फिकट फेस उरतो. हा शुभ्रपणा बुडबुड्यांच्या असंख्य पृष्ठभागांवरून सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरल्यामुळे येतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे सहजासहजी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून तिथला फेस गोड्या पाण्यातल्या फेसापेक्षा अधिक टिकतो.

वाऱ्याचा अंदाज बांधायला खलाशी याच खुणेचा आधार घेतात. वाऱ्याचा जोर पातळ्यांमध्ये सांगणाऱ्या बोफोर्ट मापनश्रेणीत ३ या पातळीला, म्हणजे ७ ते १० नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात, असे फेसाळ माथे तुरळक दिसू लागतात आणि ५ या पातळीला, १७ ते २१ नॉट वाऱ्यात, ते सर्वदूर पसरतात. लाटांच्या माथ्यांच्या कडा तुटून तुषार उधळू लागतात ते मात्र ८ या पातळीला, ३४ नॉटच्या पुढे.