मदत हवी आहे: क्युप्रस क्लोराइड वाळवताना हिरवं पडतंय

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलसाठी क्युप्रस क्लोराइड करतोय. मोरचूद आणि मीठ गरम पाण्यात विरघळवून त्यात सोडियम सल्फाइटचं द्रावण ढवळत घालतो. रंग उडत जातो आणि शुभ्र साका बसतो. इथवर सगळं छान. पण बुक्नर फनेलवर (पंपाने ओढून गाळायची गाळणी) गाळून डिस्टिल्ड वॉटरने धुतलं की कडेने हिरवी झाक येते. फिल्टर पेपरवर रात्रभर ठेवलं तर सकाळी वरचा थर पोपटी, आणि खरवडलं की आत पांढरं! कोकणातला पावसाळा आहे, लॅबमध्ये हवा कायम दमट.

पांढरा भाग संहत हायड्रोक्लोरिक आम्लात रंगहीन विरघळतो, हिरवा मात्र पिवळट-हिरवं द्रावण देतो. म्हणजे तांब्याची ऑक्सिडेशन स्थिती एकवरून दोनवर जातेय. ते थांबवायचं कसं? हिरवा झालेला माल वाचवता येईल का? पुढे सँडमायर अभिक्रियेसाठी (सेंद्रिय रेणूतल्या डायझोनियम गटाच्या जागी क्लोरीन बसवायला) हाच वापरायचा आहे. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद:

तुमचं निदान बरोबर आहे. ओलावा आणि ऑक्सिजन एकत्र आले की क्युप्रस क्लोराइडपासून क्युप्रिक क्लोराइड आणि तांब्याचं हिरवं बेसिक क्लोराइड तयार होतं. संग्रहालयातल्या जुन्या ब्रॉंझच्या वस्तूंवर जी हिरवी पूड फुटते, तिच्यामागेही हेच आहे.

साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये हवा विरघळलेली असते. पाणी उकळून गार करा, त्यात थोडं सल्फाइट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घालून त्याने धुवा. सल्फर डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे फ्यूम हूडमध्येच. सगळ्यात महत्त्वाचं: फनेलमधल्या थराला भेगा पडू देऊ नका, वर नेहमी द्रव राहू द्या. भेग पडली की पंप त्यातून हवाच ओढतो. मग अल्कोहोल, शेवटी ईथर (जवळपास ज्योत नको), आणि लगेच व्हॅक्युम डेसिकेटर (हवा काढून वाळवायचं बंद भांडं). नीट सुकलेली पूड हवेत बरीच टिकते, पण उजेडाने काळवंडते, म्हणून तपकिरी बाटली घ्या.

हिरवा माल टाकू नका. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात तांब्याच्या तारेच्या तुकड्यांसह गरम करा. आधी गडद तपकिरी होईल, घाबरू नका, रंग जाईपर्यंत थांबा. मग तारा मागे ठेवून उकळून गार केलेल्या भरपूर पाण्यात ओता, पांढरा साका परत मिळेल.

आणि सँडमायरसाठी वाळवण्याची गरजच नाही. ओला साका धुतल्याबरोबर संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि त्याच दिवशी वापरा.