कन्नडातला ‘कपटी’ मराठीत ‘ढोंगी’ होतो का?

कॅम्प बेळगाव

आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेश कन्नडमध्ये देतात. मराठी मंडळींसाठी तो मी आदल्या दिवशी लिहून घेतो आणि मराठी करून वाचतो. या वेळी मत्तयाचा 23वा अध्याय होता. कन्नड बायबलात येशू शास्त्र्यांना आणि परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपंथाच्या लोकांना, ‘कपटी’ म्हणतो, मराठीत तिथं ‘ढोंगी’ आहे. पाळकसाहेबांनी तो शब्द परूश्यांवर न सोडता आपल्याच अंगावर घेतला होता. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, वेळेवर देणारे, उपास धरणारे आणि सख्ख्या जावेशी वर्ष-वर्ष न बोलणारे आपण सगळे ‘कपटिगळु’. शब्द दोन्हीकडं चालतो म्हणून मी ‘आपण कपटी आहोत’ असंच वाचलं. उपासना संपली तर एक आजोबा दारातच उभे. “ढोंगी म्हण, ऐकून घेतो. कपटी कसं काय म्हटलंस? मी कुणाचं काय बुडवलंय?”

आता हे उपदेश छापायचे आहेत. माझं मत अजून ‘कपटी’लाच आहे. ‘ढोंगी’ म्हटलं की ऐकणारा लगेच शेजारच्या बाकाकडं बघतो. ‘कपटी’ निदान टोचतो तरी.

शिवाय ‘कृपे’चं काय करायचं तेही सांगा. उपदेशाचा सगळा शेवट त्याच्यावर आहे, आणि ‘कृपा’ म्हटलं की मला बँकेतली ‘कृपया रांगेत उभे राहा’ ही पाटीच दिसते.

शहापूरकर

आजोबांचं बरोबर आहे. कपटाला कुणीतरी फसलेला लागतो, ढोंगाला नुसता बघणारा पुरतो. शकुनीला आपण कपटी म्हणतो, ढोंगी म्हणत नाही. कन्नडातला ‘कपटी’ ही दोन्ही कामं करतो, मराठीतला करत नाही. दादा, शब्द सारखा दिसला म्हणून अर्थ सारखा नसतो. कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई, आपल्याकडं सवड. तिकडचा ‘अवसर आहे’ म्हणून उठतो आणि इकडचा त्याच शब्दावर चहा मागवतो.

कॅम्प बेळगाव

दादा नव्हे, बाईमाणूस आहे. आमच्याकडं बायकाही ‘लिहून घेतो’च म्हणतात. मुद्द्यावर या की.

मूळ शोधणारा

मूळ ग्रीक शब्द ‘हुपोक्रितेस’. त्याचा अर्थ नाटकातला नट. त्यात आधी शिवी नव्हती, पेशा होता. मत्तयाच्या 6व्या अध्यायात तर सरळच आहे: दान करताना पुढं कर्णा वाजवणारे, लोकांनी पाहावं म्हणून चौकाचौकात उभं राहून प्रार्थना करणारे. म्हणजे प्रेक्षक आहे, कर्णा आहे, रस्त्याचा कोपरा हा रंगमंच आहे. मराठीत याला जवळचा शब्द ‘सोंग’. ढोंगी आणि कपटी दोन्ही सोडा, ‘सोंगाडे’ म्हणा.

शहापूरकर

सोंगाड्या हा तमाशातला लोकांचा लाडका माणूस. ‘अहो सोंगाड्यांनो’ म्हटलं तर मंडळी हसतील आणि टाळ्या वाजवतील.

निपाणी नाका

सोंग मुळात कन्नड. ‘सोगु’ म्हणजे वेषांतर, बतावणी. तिकडं आजही ‘सोगु हाकु’ म्हणतात. आपण त्यावर टिंब दिलं आणि आपलं म्हणून मिरवलं.

शहापूरकर

उलट आहे. स्वांग, त्याचं सोंग, आणि ते तिकडं गेल्यावर सोगु. 1956 पासून गावांवरून भांडतोय, आता शब्दसुद्धा त्यांना देऊन टाका.

निपाणी नाका

देऊन कशाला टाकायचा? उसना घेतला म्हणायला लाज कसली? ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही’ ही म्हण माझी आजी म्हणायची, तिला दोन्ही भाषा सारख्याच येत होत्या.

शुद्ध मराठी

‘दांभिक’ हा सुंदर शब्द असताना ही सोंगाढोंगाची चर्चा का? दंभ हा आतला दोष आहे, नेमका आहे, संस्कृतातून आलेला आहे, आणि कन्नडमध्येही ‘डांभिक’ म्हणून समजतो. दोन्ही भाषांचा प्रश्न एका शब्दात मिटतो.

कॅम्प बेळगाव

दांभिक हा अग्रलेखातला शब्द आहे सर. आमच्या आजोबांना दांभिक म्हटलं असतं तर ते ‘थँक्यू’ म्हणून घरी गेले असते.

वडगावचा विणकर

तुकोबांकडं जा की. टिळा-टोपी उंच दाखवणाऱ्याला ते ‘अवघा वरपंग सारा’ म्हणतात. वरपंग! वरून रंग, पोटात भलतंच. आमच्याकडं अजून ‘वरपांगी बोलतंय’ म्हणतात. तोच शब्द घाला.

गवंडीबाबा

त्याच अध्यायात एक गोष्ट आहे, तिच्याकडं कुणी बघेना. परूश्यांना ‘चुना लावलेल्या कबरा’ म्हटलंय. लहानपणी मला वाटायचं की मेलेल्या माणसाला कुणी फसवलं! आमच्या धंद्यात भिंतीला चुना मारतात. लावतात तो गिऱ्हाइकाला.

मूळ शोधणारा

तिथला चुना खरोखरचा चुनाच. यहुदी नियमाप्रमाणे कबरीला हात लागला की माणूस सात दिवस अशुद्ध. म्हणून वल्हांडण या यहुदी सणाच्या आधी कबरींना चुना देऊन पांढऱ्या करत, यात्रेकरूंना लांबूनच दिसावं म्हणून. म्हणजे तो पांढरा रंग सजावटीचा नव्हता, ‘जवळ येऊ नका’ असं सांगणारा होता. येशूनं तोच उलटा फिरवला: बाहेरून देखणं, आत हाडं. पण मराठीत ‘चुना लावणे’ या वाक्प्रचारानं त्या ओळीत आपोआप फसवणूक शिरली. कॅम्पवाल्या ताईंचा ‘कपटी’ मागच्या दारानं आत आला म्हणायचा.

शहापूरकर

ओढूनताणून आहे हे.

खानापूरची

मी कोकणी कॅथलिक. ‘ढोंगी’चं तुमचं चालू दे, मला ‘कृपे’वर बोलायचंय. आमच्या ‘नमान मरिये’ या मरियेच्या प्रार्थनेत ‘कुर्पेन भरलेले’ असं आहे. कृपा नाही, कुर्पा. लहानपणापासून तोंडात तोच असल्यामुळं ‘कृपा’ मला सरकारी वाटतो. लग्न होऊन गदगला गेलेली माझी बहीण तीच प्रार्थना कन्नडमध्ये म्हणते, तिथं ‘वरप्रसाद पूर्णे’ असं येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वरच्या मजल्यावरचा प्रसाद! तिथं ‘वर’ म्हणजे वरदान.

वडगावचा विणकर

मराठीत प्रसाद म्हणजे एक तर शिरा, नाही तर पाठीवर मिळतो तो.

मूळ शोधणारा

पण खानापूरच्या ताईंनी मोठी गोष्ट सांगितली. लिंगायतांच्या अष्टावरणातही, म्हणजे भक्ताच्या आठ आधारांतही, ‘प्रसाद’ आहे. गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष, मंत्र. तो नुसता खाण्याचा पदार्थ नव्हे, शिवाची प्रसन्नता. कन्नड कॅथलिकांनी ‘वरप्रसाद’ घेतला तो असा पिकलेल्या जमिनीतला. आणि मराठीत तोच शब्द कुठं लपलाय माहीत आहे? ‘पसाय’! पसाय म्हणजे प्रसाद. शाळेत रोज हात जोडून पसायदान म्हणणारी मुलं कृपेचंच दान मागत असतात. बायबलात पौलाच्या इफिसकरांस पत्रात तारण, म्हणजे उद्धार, कृपेनं होतं, ते आपल्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे, असं आहे. कृपा आणि दान जोडले की शब्द तयार.

शुद्ध मराठी

ज्ञानेश्वरांचा शब्द चर्चच्या उपदेशात? हे जरा जास्त होतंय.

खानापूरची

का हो? फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, ते 1616 सालीच छापून आलं. ते जन्मानं इंग्रज, आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणून मोकळे झाले. तेव्हा कुणाच्या भाषेला विटाळ झाला नाही.

शुद्ध मराठी

विटाळाचं कुठं म्हटलं मी? प्रत्येक शब्दाला त्याचा संप्रदाय असतो एवढंच म्हटलं. बाबा पदमनजी तुमच्याच बेळगावचे. 1831 साली तिथं जन्मले, 1854 साली तिथंच बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली, मोल्सवर्थच्या जाडजूड कोशाचा संक्षेप केला. ख्रिस्ती माणूस आणि कोशकार, दोन्ही. अशा लोकांनी घासून पुसून ठेवलेले शब्द आहेत, ते वापरा. ‘कृपा’ला काय धाड भरली आहे?

मास्तर, चिकोडी

‘कृपा’ला धाड भरली आहे. ‘तुमच्या कृपेनं’ हे आपण कधी म्हणतो ते आठवा. निम्म्या वेळा टोमणा असतो. ‘साहेबांची कृपा’ म्हणजे बदली रद्द झाली. कृपा वरच्याकडून खालच्यावर होते आणि पुढं आयुष्यभर फेडावी लागते. बायबलातल्या कृपेची तर फेडच नाही. वर्गातल्या पोरांना एका मिनिटात कळणारा शब्द म्हणजे ग्रेस मार्क. कन्नडमध्ये त्याला ‘कृपांक’ म्हणतात. 2024 च्या एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, कॅमेरे लावून परीक्षा घेतली, निकाल कोसळला, आणि कृपांक 10 टक्क्यांवरून 20 टक्के केले. काठावर बुडालेली पोरं पास झाली. त्यांनी काय केलं त्यासाठी? काही नाही.

शहापूरकर

आणि ज्यांनी अभ्यास केला होता ती चिडली. तुमचा परूशी तोच. लूकमध्ये आहे ना, परूशी मंदिरात म्हणतो मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशमांश देतो, त्या जकातदारासारखा नाही. आणि पास होतो जकातदार.

निपाणी नाका

बेळगावच्या जकात नाक्यावर उभं राहिलेल्या माणसाला तो जकातदार पास झालेला कधी पटणार नाही.

मास्तर, चिकोडी

तेच तर त्या गोष्टीचं मर्म आहे की ओ.

वडगावचा विणकर

शेवटी देव एकच. शब्दांवरून किती भांडायचं ते!

कॅम्प बेळगाव

थांबा. ‘देव एकच आहे’ आणि ‘एकच देव आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं बेळगावात कुणीही म्हणतं, दर्ग्यावर, सौंदत्तीच्या डोंगरावर, आमच्या नाताळच्या करंज्या खाताना. म्हणजे नावं वेगळी, आत एकच. दुसरं आम्ही म्हणतो: एकच आहे, दुसरा नाही. ‘च’ कुठं बसतो त्यावर धर्म बदलतो. पाळकसाहेबांच्या कन्नडमध्ये ‘ओब्बने देवरु’, म्हणजे एकच देव, असतं, ते मी कधी ‘देव एकच’ करत नाही.

गोकाकचा

आमच्या बसवण्णांनी ‘देवनोब्ब, नाम हलवु’ म्हटलंय. देव एक, नावं अनेक. पण पुढची ओळ कुणी म्हणत नाही: पतिव्रतेला नवरा एकच. म्हणजे तुमची दोन्ही वाक्यं त्यांनी शेजारी बसवली. अर्धं वचन कमानीवर लिहायचं आणि उरलेलं विसरायचं, हे आमचं ढोंग.

शुद्ध मराठी

एकेश्वरवाद हा शब्द आहे त्यासाठी.

कॅम्प बेळगाव

एकेश्वरवाद हा वाद आहे सर. विश्वास ठेवणारा माणूस ‘मी एकेश्वरवादी आहे’ म्हणत गुडघ्यावर बसत नाही. आणि नुसतं एकच देव मानून भागत नाही म्हणे. याकोबाच्या पत्रात आहे, एकच देव आहे असं तू मानतोस, बरं करतोस. भुतंही मानतात आणि थरथर कापतात.

नाव नको

मी पण ख्रिस्ती, जिल्ह्यातलाच. एकच देव, एकच बाप्तिस्मा, एकच भाकर असं आम्ही म्हणतो. मग माझ्या बहिणीचं स्थळ आलं. मुलगा चर्चमध्ये पुढं उभं राहून गाणारा, ‘कृपा’ शब्द आला की डोळे मिटणारा. घरच्यांनी आधी सगळं पसंत म्हणून सांगितलं. सुपारीच्या आधी विचारलं, तुम्ही मूळचे कोण? आम्ही सांगितलं. परत फोन आला नाही. आता सांगा तुमच्या शब्दकोशात बघून, हे ढोंग का कपट?

शहापूरकर

ढोंगच. ख्रिस्ती झाले तरी जात गेली नाही. आमच्याकडं काय वेगळं आहे म्हणा. वारी करून येतात आणि घराच्या वाटणीत भावाला परसातली विहीर देत नाहीत.

खानापूरची

नाही. त्या मुलीला विचारा. तिला आशा लावली आणि मागं घेतली. फसलेलं माणूस आहे ना इथं? मग शहापूरकरांच्याच व्याख्येनं हे कपट.

शहापूरकर

त्यांनी फसवायचं ठरवलं नव्हतं. कपटात आधी बेत लागतो.

कॅम्प बेळगाव

तेच म्हणते मी पहिल्यापासून! परूश्यांनीही बेत केला नव्हता. पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दहावा भाग मोजून देत होते बिचारे, आणि न्याय, दया तेवढी सुटली. लोकांपुढं ते ढोंग. ज्याच्या वाट्याचा न्याय सुटला त्याच्या लेखी कपट. कन्नडचा ‘कपटी’ त्याच्या बाजूनं बोलतो म्हणून मला हवाय.

शुद्ध मराठी

हा अर्थ तुम्ही शब्दात भरताय. शब्दात तो नाही.

निपाणी नाका

बाई, आता ‘म्हणते’ कसं झालं? वर ‘लिहून घेतो’ होतं.

कॅम्प बेळगाव

राग आला की पुस्तकी मराठी येतं.

निपाणी नाका

हे बायकांचं ‘येतो, जातो’ कन्नडमुळंच. ‘नानु बरुत्तेने’, म्हणजे मी येतो, हे बाई म्हणो की बुवा, क्रियापद बदलत नाही.

शहापूरकर

सगळंच कन्नड यांचं! कोल्हापुरात, पार गडहिंग्लजपर्यंत बायका तसंच बोलतात. माझी आजी गडहिंग्लजला राहिली, कन्नडचं अक्षर माहीत नव्हतं, जन्मभर ‘मी जातो’ म्हणायची.

निपाणी नाका

आजींचं माहेर कुठलं?

शहापूरकर

संकेश्वर.

निपाणी नाका

मग झालं की.