डिफरन्शियल उघडण्याआधी हब फिरवून बघा

एका जिप्सीवाल्याने विचारलंय: पावसाळ्यात शेतरस्त्याने गेल्यापासून गाडीच्या पुढून कट-कट येते, आणि मेकॅनिक थेट पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) खोलायचं म्हणतो, काय करू? थांबा, आधी हबलाच कामाला लावा. हब म्हणजे पुढच्या चाकाच्या मधोमध हाताने फिरवायची कळ: लॉक केली की चाक आतल्या शाफ्टला जोडलं जातं, फ्री केली की सुटं फिरतं.

दोन्ही हब फ्री ठेवून टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, चालवा. आवाज तसाच राहिला तर तो चाकाचा: बेअरिंग, ब्रेक, नाहीतर रिममध्ये वाळून बसलेली काळी माती. ही माती आपल्याकडे फार फसवते, एका बाजूला साचली की चाक थडथडतं. रिम आतून खरवडून धुवा. मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन (ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती खीळ).

फ्रीमध्ये शांत, पण टू-व्हीलमध्येच राहून हब लॉक केल्यावर आवाज आला, तर चाकाजवळचा शाफ्टचा जॉइंट, स्पिंडलचा बुश (शाफ्टला चाकापाशी आधार देणारी नळी), डिफरन्शियल किंवा पुढचा प्रॉपलर शाफ्ट (गिअरकडून डिफरन्शियलकडे येणारा लांब दांडा). फक्त वळणावर कट-कट म्हणजे बहुधा जॉइंटच.

फोर-व्हीलमध्ये (चारही चाकांना ताकद) जोर दिल्यावरच दात घसरल्यासारखं कडकड वाजलं, तर हब अर्धवट लागतोय. मागच्या चाकांना दगड लावा, टू-व्हीलमध्ये दोन्ही हब लॉक करा, पुढचं एकच चाक उचलून हाताने फिरवा. पुढचा प्रॉपलर शाफ्ट फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर एक हब लागत नाही. हब खोलून डिझेलने धुवा, ग्रीसचा पातळ हातच द्या. ठासून भरलं तर आतली, चाक जोडणारी रिंग सरकत नाही.

फोर-व्हीलची चाचणी ढेकळांत घ्या, सिमेंट रस्त्यावर वळणं घेऊन नको.